सोळा गळे, चार वह्या : नाताळच्या एका मोटेटच्या नोंदी

१० ऑगस्ट

काम ठरलं. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेत, कम्युनियननंतर (ख्रिस्तप्रसाद घेऊन झाल्यावर), आमच्या क्वायरने विक्टोरियाचं 'ओ मान्युम मिस्तेरियुम' हे मोटेट, म्हणजे अनेक आवाजांचं छोटं लॅटिन धर्मगीत, म्हणायचं. सोबत ऑर्गन नाही, कीबोर्ड नाही. नुसते गळे.

गळे एकूण सोळा. बायकांचे वरचे आवाज म्हणजे सोप्रानो ६, खालचे म्हणजे आल्टो ५; पुरुषांचे वरचे म्हणजे टेनर २, खालचे म्हणजे बास ३. निम्म्यांना स्टाफ नोटेशन वाचता येतं, बाकीचे ऐकून पाठ करतात. चार आवाजांतली स्तोत्रं आम्ही वर्षानुवर्षं म्हणतो, पण तिथे चाल सोप्रानोची असते आणि उरलेले तीन आवाज तिच्याखाली आधाराला उभे असतात. पॉलिफनीत, म्हणजे या मोटेटसारख्या बहुस्वरी गायनात, चालीचा मालक कोणीच नसतो. चारही आवाजांना आपापली पूर्ण चाल असते आणि ती वेगवेगळ्या वेळी सुरू होते. ही सवय नसलेल्या क्वायरला साडेचार महिने पुरतील का, हे आज सांगता येत नाही. म्हणूनच नोंदी ठेवायच्या.

१३ ऑगस्ट

हीच रचना का, ते लिहून ठेवते.

तोमास लुईस दे विक्टोरिया हा स्पेनमधल्या आविलाचा, जन्म १५४८. रोममध्ये शिकला, पुढे धर्मगुरू झाला. हे मोटेट १५७२ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या त्याच्या संग्रहातलं, म्हणजे वयाच्या चोविशीच्या आसपासचं. १५९२ मध्ये त्याने याच मोटेटच्या स्वरावलींवर एक पूर्ण मिस्सा, म्हणजे मिस्सेतल्या ठरलेल्या प्रार्थनांची सांगीतिक रचना, बांधली.

शब्द थोडेच आहेत आणि अर्थ साधा: केवढं हे रहस्य, की मुक्या जनावरांनी गव्हाणीत निजलेल्या नवजात प्रभूला पाहावं. मग धन्य कुमारी मरियेचा उल्लेख, आणि शेवटी आलेलुया.

याच शब्दांवर विसाव्या शतकात फ्रेंच संगीतकार पुलांकने लिहिलं, १९९४ मध्ये अमेरिकन संगीतकार लॉरिडसनने लिहिलं. दोन्ही मला मनापासून आवडतात. पण लॉरिडसनमध्ये एकेक आवाज आतून दुभंगतो. दोन टेनरांच्या क्वायरने ते करायला घेतलं तर प्रत्येक जण एकटा पडेल. सोळाव्या शतकातलं चार आवाजांचं मोटेट एकेका आवाजाला एकच माणूस असला तरी उभं राहतं. 'पॉलिफनी मोठ्या कॅथीड्रलांची, आपल्यासारख्यांची नव्हे' असं जे बोललं जातं, ते मला उलटं वाटतं. लहान क्वायरला तीच जास्त मानवते.

२४ ऑगस्ट

पहिलं वाचन. नीट झालं नाही.

इंटरनेटवरून उतरवलेली एक आवृत्ती सगळ्यांना दिली होती, चारही आवाज एकाखाली एक. सोप्रानो एकट्या सुरू होतात, मग आल्टो तीच चाल खालच्या पट्टीतून उचलतात. इथवर छान. मग टेनर आणि बास तशाच जोडीने आले आणि सगळं विस्कटलं. कारण मला समोर दिसत होतं. प्रत्येक जण बोटाने बार, म्हणजे उभ्या रेघांनी पाडलेले मात्रांचे भाग, मोजत होता. नजर कागदात, ओठांवर आकडे, आणि दर बारच्या पहिल्या मात्रेवर एक धक्का. 'मिस्तेरियुम' या शब्दात जोर 'ते'वर आहे. आल्टोंचा जोर 'युम'वर पडत होता, कारण तिथे उभी रेघ होती.

चाळीस मिनिटांनी थांबवलं. थकलेल्या चेहऱ्यांनी सगळे घरी गेले. चूक त्यांची नव्हती.

३१ ऑगस्ट

दोन पावलं मागे. आज मोटेटला हात लावला नाही.

आधी फॉल्सोबोर्दोने. एक स्तोत्रसंहितेची ओळ साध्या ग्रेगोरियन सुरात, पुढची ओळ चार आवाजांत. त्या चार आवाजांच्या ओळीत बहुतेक शब्द एकाच स्वरसंगतीवर बोलल्यासारखे म्हणायचे आणि शेवटाला थोडी हालचाल करून मुक्कामाला यायचं. लय शब्दांची, मात्रा मोजायच्या नाहीत. पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या क्वायर संध्याकाळच्या प्रार्थनेची स्तोत्रं अशी म्हणत. दहा मिनिटांत सगळ्यांना जमलं, आणि मुख्य म्हणजे कोणी आकडे मोजले नाहीत.

मग इंग्लिश संगीतकार विल्यम बर्डच्या तीन आवाजांच्या मिस्सेतलं 'किरिए', म्हणजे 'प्रभू, दया कर' ही प्रार्थना. बर्डने १५९०च्या दशकात इंग्लंडमध्ये तीन मिस्सा छापल्या, चार, तीन आणि पाच आवाजांच्या. मुखपृष्ठ नाही, साल नाही, कारण तिथे तेव्हा कॅथलिक मिस्सेला बंदी होती. घराच्या बंद दारांआड, जमतील तेवढ्या माणसांनी म्हणायचं हे संगीत. तीन आवाजांचं 'किरिए' तर जेमतेम काही ओळींचं आहे. तिन्ही आवाज जवळजवळ बरोबरीने चालतात. ते म्हणून झाल्यावर आमचा एक बास म्हणाला, ''मॅडम, हे छापणाऱ्याला तुरुंगाची भीती होती आणि तरी त्याने छापलं?'' खोलीत थोडा वेळ शांतता होती. त्यानंतरचं 'किरिए' वेगळंच लागलं.

८ सप्टेंबर

स्वतःची आवृत्ती करायची ठरवली. आज पूर्ण दिवस म्युझस्कोअर या नोटेशन लिहिण्याच्या सॉफ्टवेअरसमोर.

उतरवलेल्या आवृत्तीत शब्द कुठल्या स्वराखाली बसवायचे याची बरीच ओढाताण आहे. त्याचं मूळ छापील वह्यांतच आहे. त्या काळी एखादा शब्दसमूह पुन्हा म्हणायचा असेल तर तो पुन्हा छापत नसत. रोमन दोनसारखी एक खूण टाकत आणि अक्षरं कुठे बसवायची ते गाणाऱ्यावर सोडत. गायकांना शिकवणच तशी असे. इटालियन संगीतशास्त्रज्ञ जार्लिनोने १५५८ च्या आपल्या ग्रंथात शब्द बसवण्याचे नियमच दिले आहेत. आजच्या गायकाला ते शिकवलेलं नसतं, तेव्हा ते काम संपादकाचं.

मी धरलेली रीत अशी. लांब अक्षराला लांब स्वर. एका अक्षरावर स्वरांची माळ असेल तर ती जोराच्या अक्षरावर. शेवटचं अक्षर शेवटच्या स्वरावर. शंका आली की तो तुकडा मोठ्याने बोलून पाहायचा आणि जीभ जिथे अडखळते तिथे बदलायचं. 'आनिमालिया'च्या एका जागी तासभर गेला.

स्वरांची लांबी निम्मी केली, कारण मूळचे पांढरे, लांब स्वर पाहून आजचा गायक उगाच संथ होतो. मुक्कामाच्या जागी संपादक म्हणून मी सुचवलेले तीव्र स्वर ओळीत न घालता स्वराच्या डोक्यावर लहान खुणेने दाखवले. याला मूसिका फिक्ता म्हणतात. त्या काळचे गायक हे स्वर लिहिलेले नसले तरी ऐकून, समजून घेत. छापलेलं कोणतं आणि माझं कोणतं, हे गाणाऱ्याला कळलंच पाहिजे.

१४ सप्टेंबर

बारच्या रेघांचा प्रश्न राहिला होता.

विसाव्या शतकातल्या जर्मन संपादकांनी एक मधला मार्ग काढला: रेघ ओळीवरून न्यायची नाही, दोन ओळींच्या मधल्या रिकाम्या जागेत काढायची. मेन्सुरश्ट्रिख. आवाजाची ओळ अखंड राहते आणि सराव घेणाऱ्याला जागाही सापडते. माझ्या पूर्ण प्रतीत मी तेच केलं.

पण मग वाटलं, गाणाऱ्यांना पूर्ण प्रत हवीच कशाला? १५७२ चा संग्रह छापला गेला तो सुट्या वह्यांत. कांतुसची एक, आल्तुसची एक, तेनोरची एक, बासुसची एक. गायकाच्या हातात फक्त स्वतःची ओळ. बाकीचे तिघं काय गातात ते डोळ्यांना दिसण्याची सोयच नव्हती. ते कानांनीच घ्यायचं.

चार वह्या केल्या. रेघा नाहीत. जिथे वाक्य संपतं तिथे श्वासाचा स्वल्पविराम. लांब विश्रांतीनंतर परत यायचं असेल तिथे आकड्याऐवजी आधीच्या आवाजाचे दोन-तीन शब्द बारीक अक्षरांत लिहिले, म्हणजे मोजण्याऐवजी ते ऐकून यायचं.

२१ सप्टेंबर

वह्यांवरचा पहिला सराव. गोल करून उभं केलं, आवाज मिसळून: सोप्रानोच्या शेजारी बास, आल्टोच्या शेजारी टेनर.

पहिल्या फेरीत तिसऱ्या ओळीतच थांबलो. दुसऱ्या फेरीत थोडं पुढे. नोटेशन न वाचणारे या खेपेला मागे पडले नाहीत. ऐकूनच यायचं असल्याने ते उलट पुढे होते. आमच्या सर्वांत ज्येष्ठ आल्टो, वय पंचाहत्तरच्या पुढे, आपल्या प्रवेशाआधी वही खाली करून सोप्रानोंकडे पाहत होत्या. आज चार वेळा म्हटलं आणि चारही वेळा त्या अचूक आल्या. नंतर मला म्हणाल्या, ''इतकी वर्षं माझ्या ओळीला चाल आहे हे मला कळलंच नव्हतं गं. मी खालचा सूर धरायचे.''

सुरुवातीची ती चाल इतकी साधी आहे: पंचमावरून थेट षड्जावर उतरायचं, पुन्हा पंचमावर चढायचं आणि 'मिस्तेरियुम'च्या 'ते'वर अर्धा सूर वर, कोमल धैवताला टेकून परत यायचं. एक मोठी मोकळी उडी आणि मग तो एवढासा अर्धा सूर. रहस्य हा शब्द तिथे नुसता उच्चारला जात नाही, तो लागतो. आज पहिल्यांदा तो चार वेगवेगळ्या उंचीवरून, एकामागून एक लागला.

५ ऑक्टोबर

सूर उतरतो आहे. संपेपर्यंत अर्ध्या सुराहून जास्त खाली.

दोन कारणं सापडली. एक म्हणजे वर चढताना आम्ही अंतरं लहान घेतो. दुसरं कीबोर्ड. सरावात मध्येच सूर तपासायला मी कीबोर्ड वाजवायचे, आणि त्यातला शुद्ध गंधार मुळातच चढा असतो. नैसर्गिक गंधार षड्जाशी ५:४ या प्रमाणात बसतो. समान विभागणीच्या कीबोर्डवर तो सुमारे १४ सेंटने (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) वर आहे. पंचमाचा फरक मात्र फक्त २ सेंटचा. म्हणजे कीबोर्ड ऐकून गंधार लावायचा आणि मग एकमेकांना ऐकून तो खाली आणायचा, अशी दर वेळी ओढाताण. तिथेच सूर निसटतो.

कीबोर्ड बंद. आता सुरुवातीला फक्त ट्यूनिंग फोर्क. बासांनी षड्ज धरायचा, टेनरांनी त्यावर पंचम, तो अगदी स्थिर झाला की आल्टोंनी गंधार हळूच मधे ठेवायचा. तो बसला की खोलीतला आवाज एकदम मोठा वाटतो, कोणी जोर न लावता. रोज सरावाची पहिली सात मिनिटं एवढंच.

१२ ऑक्टोबर

आल्टोंची तक्रार: फार खाली जातं. खरंच आहे. मूळ 'आल्तुस' हा बायकांचा आवाज नव्हेच. चर्चच्या क्वायरमध्ये तो पुरुष गात, उंच टेनर किंवा फॉल्सेटो (कृत्रिम उंच आवाज) लावणारे. त्याच ओळीला आज आल्टो म्हणून बायकांपुढे ठेवलं की खालचे सूर छातीत अडकतात.

सगळं एक पूर्ण सूर वर घेतलं. छापील पट्टी पवित्र मानायचं कारण नाही. त्या काळी आजच्या ४४० हर्ट्झसारखं ठरलेलं माप नव्हतं, क्वायरला झेपेल तिथून सुरुवात करत. सोप्रानोंना वर जागा होती. दोन टेनरांच्या मदतीला आल्टोंतल्या एकीला दिलं, तिचा आवाज खाली भरदार आहे. म्हणजे आता आल्टो ४, टेनर ३. वह्या पुन्हा छापल्या.

२६ ऑक्टोबर

फादरांबरोबर आणि पॅरिशच्या समितीबरोबर बैठक. एका ज्येष्ठ सभासदाने विचारलं, ''लॅटिन, त्यात चार जण चार वेगळे शब्द एकाच वेळी म्हणणार. लोकांना काय कळणार?''

प्रश्न रास्त आहे आणि जुनाही. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६२ मध्ये चर्चच्या संगीतातून उच्छृंखल, अशुद्ध असं जे काही असेल ते दूर करा म्हटलं, आणि शब्द समजले पाहिजेत ही चर्चा तेव्हा जोरात होती. इटालियन संगीतकार पालेस्त्रिनाने आपली 'पोप मार्सेलसची मिस्सा' ऐकवून पॉलिफनी बंदीतून वाचवली, ही गोष्ट फार सांगितली जाते. ती दंतकथा आहे. मिस्सा मात्र खरी, १५६७ ची छापील, सहा आवाजांची, आणि तिच्यातले लांब लांब मजकूर खरोखरच स्पष्ट ऐकू येतात.

मी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा १९६३ चा उपासनाविषयक दस्तऐवज सोबत नेला होता. कलम ११६ ग्रेगोरियन गायनाला अग्रस्थान देतं आणि पॉलिफनीला मुळीच वगळत नाही. कलम ११४ क्वायर जोपासायला सांगतं, आणि त्याच दमात लोकांचा सहभाग जपायलाही सांगतं. दोन्ही पाळायचं आहे. म्हणून 'सांक्तुस' ('पवित्र, पवित्र, पवित्र' ही प्रार्थना) आम्ही पॉलिफनीत घेणार नाही. चर्च-संगीताविषयीच्या १९६७ च्या सूचनांनुसार ते सामान्यतः सगळ्या लोकांनी धर्मगुरूसोबत म्हणायचं. 'किरिए' आलटून-पालटून: एकदा लोक साध्या सुरात, एकदा क्वायर बर्डच्या सुरावटीत. ही पद्धतही जुनीच. मोटेट कम्युनियननंतर, जेव्हा लोक तसेही शांत बसलेले असतात. मोटेटचा मराठी अर्थ पत्रकावर छापायचा.

फादर एवढंच म्हणाले, ''शांततेत म्हणा. त्याआधी निवेदन नको.''

९ नोव्हेंबर

आज मुक्कामाच्या जागा. पूर्ण सराव एवढ्यावरच गेला आणि मला त्याचं काहीच वाईट वाटत नाही.

फळ्यावर सांगितलं: बास पंचमावर येतो, टेनर रिषभावर. सोप्रानो मात्र आधीचा षड्ज धरून ठेवते, सोडत नाही. षड्ज आणि रिषभ एकमेकांवर घासतात. मग सोप्रानो शुद्ध निषादावर उतरते, घर्षण निवळतं, आणि तिथून सगळे षड्जावर पोचतात. आधी तयारी, मग टक्कर, मग सुटका. टक्कर सोप्रानो करत नाही, हे महत्त्वाचं. ती जागची हलत नाही. बाकीचे हलतात आणि तिचा गोड सूर कडू होतो.

आमच्या सोप्रानो टक्कर झाली की बिचकून आवाज बारीक करत होत्या, जणू आपलीच चूक झाली. उलट करायला लावलं: धरलेला सूर टक्करीपर्यंत वाढत जाऊ दे, आणि निषादावर उतरताना सैल होऊ दे. रिषभ म्हणणाऱ्याने तिच्याकडे पाहायचं. तीनच जणांना मधे उभं करून हे म्हणायला लावलं, बाकीचे ऐकत होते. सातव्या-आठव्या वेळी असा काही लागला तो कडू सूर, की निषाद आला तेव्हा ऐकणाऱ्यांतल्या दोघांनी एकदम श्वास सोडला.

त्यानंतर सगळ्यांना पेन्सिली दिल्या. आपापल्या वहीत जिथे आपण धरून ठेवतो तिथे गोल करा. कोणाच्या वहीत किती गोल आहेत हे एकमेकांना दाखवण्यात शेवटची दहा मिनिटं गेली.

२३ नोव्हेंबर

'ओ बेआता विर्गो'. इथे चारही आवाज पहिल्यांदाच एकत्र, एकाच शब्दावर येतात. इतका वेळ गुंफण चालल्यावर हे एकत्र येणं म्हणजे सगळ्यांनी एकदम गुडघे टेकावेत तसं. हळू म्हणायचं, पण लय न सोडता.

आलेलुयाला ताल तीनाचा होतो. दोनाच्या जागेत तीन, असं प्रमाण धरलं. वेगवेगळे संपादक वेगवेगळं धरतात. आम्हाला हेच झेपलं. शेवटी ताल पुन्हा दोनाचा होतो तिथे बास अजून घाई करतात.

७ डिसेंबर

चर्चमध्ये पहिला सराव. टाळी वाजवून पाहिलं. आवाज विरायला साधारण तीन सेकंद. सरावाच्या खोलीतला वेग इथे चिखल करतो. थोडं सावकाश घेतलं आणि व्यंजनं पुढे आणली, 'प्रेसेपिओ'मधला 'प्र' तर अगदी ओठांवर. क्वायर लॉफ्टवर गोल करून उभं राहता येत नाही, म्हणून अर्धगोल, टेनर मध्यभागी.

१६ डिसेंबर

एका टेनरचा घसा बसला. डॉक्टरांनी दोन आठवडे गायला मनाई केली आहे. उरले एक टेनर आणि आल्टोंतून आलेली एक. आज त्या दोघांनीच ओळ सांभाळली. सुट्या वहीत वाढलेल्या माणसाला शेजाऱ्याच्या आधाराची सवय लागत नाही, हे आज उपयोगी पडलं. घसा बसलेला टेनर सरावाला आला होता, वही उघडून, ओठ न हलवता.

२५ डिसेंबर

मध्यरात्र उलटून गेल्यावर लिहिते आहे.

कम्युनियन संपलं. फोर्क कानाशी नेला, सोप्रानोंना पंचम दिला. पहिला 'ओ' किंचित खालून लागला, पण षड्जावर उतरल्यावर सावरला. आल्टो आल्या. ज्येष्ठ आल्टोंनी वही उघडलीच नव्हती. टेनर दोघंच, पण स्वच्छ. 'याचेंतेम'जवळ एका सोप्रानोने श्वास चुकीच्या जागी घेतला, बाकीच्यांनी तो झाकला. 'ओ बेआता विर्गो'च्या आधीची शांतता मी ठरवल्यापेक्षा लांब धरली. खालून एका बाळाचा आवाज आला, बस, आणखी काही नाही. शेवटच्या बदलाला बासांनी घाई केली नाही. संपल्यावर फोर्क पुन्हा लावून पाहिला: उतार आहे, पण अगदी थोडा.

२८ डिसेंबर

आवृत्तीत दुरुस्त्या: 'आनिमालिया'तली शब्दांची जोडणी आल्टोंच्या वहीत अजून अवघडते, बदलायची. एका जागी मी सुचवलेला तीव्र स्वर काढून टाकते. गाताना तो उपरा वाटला.

विक्टोरियाच्या १५७२ च्या छापात हे मोटेट नाताळच्या दिवसाला नव्हे, प्रभूच्या सुंतेच्या सणाला, म्हणजे १ जानेवारीला लावलेलं आहे. त्या दिवशी पुन्हा म्हणू का, असं फादरांना विचारलं, ते हो म्हणाले. ३० तारखेला एकच सराव. आल्टोंच्या वह्या नव्याने छापायला टाकल्या आहेत, पण ज्येष्ठ आल्टोंनी जुनीच राहू दे म्हणून निरोप पाठवला आहे, त्यात त्यांचे पेन्सिलीचे गोल आहेत. दुरुस्त्या त्यांच्या वहीत हाताने करून देईन.